मिठाचा रेणू कुठे आहे?

मिठाचा एक रेणू काढा म्हटले, की वर्गात एक सोडियम आणि एक क्लोरिन अशी जोडी काढली जाते. आम्हीही वर्षानुवर्षे तशीच काढत आलो. मिठाच्या खड्यात मात्र अशी जोडी नसतेच.

१९१३ साली लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरिन आणि प्रत्येक क्लोरिनभोवती सहा सोडियम! मग कोणता क्लोरिन कोणत्या सोडियमचा? १९१६ मध्ये जर्मनीत कोसेल यांनी मांडले, की सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरिन तो घेतो आणि विरुद्ध विद्युतभारांचे आयन एकमेकांना धरून ठेवतात. हे आकर्षण सर्व दिशांना असते, म्हणून जोडीदार ठरलेला नसतो.

त्याच वर्षी अमेरिकेत लुईस यांनी दुसरा बंध दाखवला. क्लोरिनच्या रेणूत देणेघेणे नाही. दोन अणूंत मिळून इलेक्ट्रॉनांची एक जोडी. इथे रेणू खराखुरा असतो. (अणूंचे घनाकृती ठोकळे लुईस १९०२ मध्येच, शिकवता शिकवता, काढू लागले होते.)

तरी १९२७ साली, ७९व्या वर्षी, हेन्री आर्मस्ट्राँग यांनी ‘नेचर’ला पत्र लिहून मिठाची ही बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी साफ धुडकावली. मुलांनी स्वतः शोधत शिकावे असा आग्रह धरणारे ते हेच आर्मस्ट्राँग! ते चुकले. पण रेणू नाही तर सूत्र कशाचे, हे वर्गातले मूलही विचारते. सूत्र सांगते ते फक्त प्रमाण, एकास एक.