नानजिंग मार्गावरील दुकान : चिनी महानगरे, तंत्रज्ञान-कंपन्या आणि ग्राहकाचा विश्वास

चीनमधील एकूण किरकोळ विक्रीपैकी सुमारे २७ टक्के वस्तूविक्री २०२३ मध्ये इंटरनेटद्वारे झाली. मोबाईल संच घरबसल्या मागविता येत असताना शांघाय वा बीजिंगच्या अत्यंत महागड्या रस्त्यांवर तंत्रज्ञान-कंपन्यांनी भव्य दुकाने का थाटावीत? दुकान ही जाहिरातच असते, हे नेहमीचे उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे. या प्रश्नाची मुळे चिनी नागरी व्यापाराच्या शतकभराच्या इतिहासात आहेत.

१८४२ च्या नानजिंग तहान्वये शांघाय बंदर परकीय व्यापारास खुले झाले. नदीकाठच्या 'बंड'पासून पश्चिमेकडे जाणारा नानजिंग मार्ग पुढे शहराची मुख्य बाजारपेठ ठरला. (या मार्गाच्या मुखाशी १९२९ मध्ये उभे राहिलेले ससून हाऊस मुंबईत वाढलेल्या व्यापारी घराण्याचे होते, त्या संपत्तीत अफूचा वाटा मोठा होता.) याच मार्गावर सिन्सिअर (१९१७), विंग ऑन (१९१८), सन सन (१९२६) आणि द सन (१९३६) ही चार भव्य वस्तुभांडारे उघडली. सिन्सिअरचा संस्थापक मा यिंगप्याओ ऑस्ट्रेलियात राहून आलेला होता. १९०० मध्ये हाँगकाँगला पहिले दुकान काढताना त्याने वस्तूंवर ठरावीक किंमत लिहिण्याचा आणि पावती देण्याचा पायंडा पाडला. घासाघीस हाच जेथे व्यवहाराचा प्राण होता, तेथे हे धाडसच होते. नव्या यंत्रांचे प्रदर्शनही या भांडारांनीच घडविले. सन सनमध्ये काचेच्या भिंतींचे नभोवाणी केंद्र होते, तर द सनमध्ये सरकते जिने. खरेदी न करताही माणसे ते पाहावयास येत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक-व्यापार वाढला तो मात्र निराळ्या वातावरणात. बीजिंगच्या चोंगग्वानत्सुन भागात लहान लहान गाळ्यांची गर्दी झाली. भाव बोलाचालीने ठरत, सुटे भाग अस्सल की नक्कल याची खात्री नसे. १९९८ मध्ये ल्यू च्यांगतोंग याने येथेच एक गाळा घेतला व अस्सल माल, निश्चित किंमत हे धोरण ठेवले. २००३ मध्ये सार्सच्या साथीने गिऱ्हाईक घरी बसले, तेव्हा तो इंटरनेटवरील विक्रीकडे वळला. त्यातूनच आजची जेडी ही कंपनी उभी राहिली. म्हणजे ऑनलाइन व्यापाराची एक मोठी शाखासुद्धा गाळ्यांवरील अविश्वासातूनच फुटली.

जागतिक व्यापार संघटनेस दिलेल्या वचनानुसार २००४ च्या अखेरीस चीनने किरकोळ व्यापारातील परकीय मालकीवरील बहुतेक निर्बंध उठविले. ॲपलने १९ जुलै २००८ रोजी, ऑलिंपिकच्या तोंडावर, बीजिंगच्या सान्लीतुन येथे आपले चीनमधील पहिले दुकान उघडले. २०१० मध्ये शांघायच्या फूतोंग भागात, २०११ मध्ये नानजिंग मार्गावर. याच २०११ च्या जुलैत कुनमिंग शहरात ॲपलची हुबेहूब बनावट दुकाने उघडकीस आली. जिना, टेबले, कर्मचाऱ्यांचे निळे सदरे, सारे तेच! या घटनेचा खरा अर्थ हास्यास्पद नक्कलेपलीकडचा आहे. नक्कल उपकरणाची नव्हे, दुकानाची झाली होती, कारण हमीचे मूल्य दुकानातच होते.

शाओमीचा अनुभव याला पुष्टी देतो. २०११ पासून इंटरनेटवरच भर देणारी ही कंपनी २०१६ मध्ये ओप्पो व विवो यांच्या मागे पडली. या दोघींचे बळ लहान शहरांतील गावोगावच्या दुकानदारांत होते. शाओमीनेही मग स्वतःच्या दुकानांची साखळी झपाट्याने वाढविली.

ह्वावेची प्रेरणा काहीशी वेगळी दिसते. मे २०१९ मध्ये अमेरिकेने तिच्यावर व्यापारी निर्बंध घातले. जून २०२० मध्ये तिने नानजिंग मार्गावर, ॲपलच्या दुकानाजवळच, १९३० च्या दशकातील एका जुन्या इमारतीत आपले प्रमुख दुकान उघडले. येथे वस्तूच्या हमीबरोबर राष्ट्रीय प्रतिष्ठाही मांडली गेली. या रस्त्यावर परकीय सत्तेचा इतिहास असल्याने जागेची निवड अधिकच बोलकी ठरते.

अर्थात पत्ता मिळाला म्हणजे गिऱ्हाईक मिळालेच असे नव्हे. ॲपलने मार्च २०२४ मध्ये शांघायच्या जिंगआन भागात मोठे दुकान उघडले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तालियेन शहरातील एक दुकान बंद केले. चीनमधील तिचे बंद झालेले ते पहिलेच दुकान होय.