प्लेगच्या अफवा : निरीक्षण खरे, निष्कर्ष खोटा

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. प्लेगच्या रोग्यांना तेथे ठेवले जाई. तेथे माणसांना बरे करायला नव्हे तर मारायला नेतात, अशी शहरात बोलवा होती. कुणी म्हणे, रोग्यांच्या अंगातून तेल, म्हणजे 'मोमियाई', काढतात. त्याच सुमारास राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासले गेले होते. त्या अपमानाची भरपाई म्हणून राणीने माणसांची काळजे मागितली आहेत, असेही लोक बोलत.

आज हे वाचून हसू येते. पण लोक अडाणी होते म्हणून त्यांनी विश्वास ठेवला, एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही. त्यांना प्रत्यक्ष काय दिसत होते, ते आधी पाहू.

रुग्णालयात गेलेली बहुतेक माणसे परत येत नव्हती, हे निरीक्षण खरेच होते. गाठीच्या प्लेगवर त्या काळी औषध नव्हते आणि उपचाराविना निम्म्याहून अधिक रोगी दगावत. त्यात भीतीपोटी घरचे लोक रोग्याला लपवून ठेवत, त्यामुळे तो रुग्णालयात पोचे तो शेवटच्या अवस्थेत. तो मेला की अफवा खरी ठरे आणि पुढचा रोगी आणखी उशिरा येई. म्हणजे अफवाच स्वतःसाठी पुरावा तयार करत होती!

दुसरी गोष्ट, अधिकाऱ्यांचे ज्ञानही अपुरे होते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी शोधला होता, पण तो पसरतो कसा हे माहीत नव्हते. घरे धुणे, चुना लावणे, सामान जाळणे हे सारे चालू होते, तरी रोग हटत नव्हता. उंदरावरची पिसू रोग पसरवते, हे सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली.

तिसरी गोष्ट सत्तेची. १८९७ साली साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या अमलाखाली गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेऊ लागले. त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडण्यात झाली. जुलूम काल्पनिक नव्हता. 'सरकार आमच्याशी निर्दयपणे वागते' येथून 'सरकारलाच आम्हाला मारायचे आहे' येथपर्यंतचे अंतर घाबरलेले मन एका उडीत पार करते.

याला मनाच्या एका सवयीची साथ मिळते. मोठ्या संकटामागे तेवढेच मोठे कारण आणि कुणाचा तरी हेतू असलाच पाहिजे, असे आपल्याला वाटते. हजारो बळींमागे एक पिसू आहे, यापेक्षा एक रागावलेली राणी आहे हे पटणे सोपे जाते.

शिकलेल्यांनाही ही सवय सुटलेली नाही. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांची लस एकाच बाटलीतली होती. चौकशीत ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. पण बाटली उघडताना गावातच दोष घडला असण्याकडे पुरावा बोट दाखवत होता. रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी तो जाहीरपणे मांडला आणि १९०७ साली हाफकिन दोषमुक्त झाले.

चूक दोन्हीकडे झाली, मग फरक कोणता? मुलकोवालचा निष्कर्ष पुन्हा तपासता आला आणि मागे घेता आला. मोमियाईच्या अफवेला असा दरवाजाच नव्हता. रोगी मेला तर तो पुरावा, आणि वाचला तर 'दाखवण्यापुरता सोडला' असे कुणीही म्हणू शकतो. कशानेही खोटे ठरू शकत नाही असे विधान भक्कम वाटते, पण तीच त्याची मोठी उणीव असते.

वर्गात विद्यार्थी अशी एखादी 'कटाची' गोष्ट सांगू लागला, तर त्याची थट्टा करू नये. थट्टेने तो गप्प होईल, पण त्याचे मत बदलणार नाही. फळ्यावर तीन रकाने आखावेत : प्रत्यक्ष काय दिसले? त्याची आणखी कोणती कारणे असू शकतील? काय आढळले तर आपण हे मत सोडून देऊ? पहिल्या रकान्यात पुष्कळदा काहीतरी खरे सापडते आणि ते मान्य करायलाच हवे. तिसरा रकाना कोराच राहिला, तर तो कोरा का राहिला यावरच पुढची चर्चा घ्यावी.