तळटीप : ‘सातातून पाच’

* सातातून पाच : चिनी भाषेत ‘छी श्वान वू’. चीनमधल्या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे गाओखाओच्या, इंग्रजी प्रश्नपत्रिकेतला हा प्रश्न. उताऱ्यात पाच जागा रिकाम्या आणि खाली सात वाक्यं. पाच चपखल बसतात, दोन चकवा देतात.

120 मिनिटांच्या, 150 गुणांच्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत वाचन-आकलनाला 50 गुण असतात. चार उताऱ्यांवर 15 प्रश्न, शिवाय हे 5. प्रत्येकी अडीच गुण. पहिला उतारा बहुधा माहितीपत्रकासारखा, तारखा आणि शुल्क शोधायला लावणारा. शेवटचा बऱ्याचदा विज्ञानावरचा, म्हणून तोच जास्त दमवतो. सरावात मुलं आधी प्रश्न वाचतात, मग ज्या ओळीत उत्तराचा आधार सापडेल तिच्याखाली रेघ मारतात. ‘सातातून पाच’मध्ये ही युक्ती अपुरी पडते. तिथे मागचं-पुढचं वाक्य, ‘हे’, ‘ते’ अशी सर्वनामं, ‘मात्र’, ‘शिवाय’ यांसारखे जोडशब्द धरून लेखकाच्या विचाराचा माग काढावा लागतो. शब्दांच्या याद्या कितीही घोकल्या तरी एवढ्यानं भागत नाही. सगळ्या प्रश्नपत्रिकेत खऱ्या वाचनाच्या सर्वांत जवळ जाणारा प्रश्न हाच.

मजकुरातल्या मुलीच्या वहीत समासात जागोजागी बाण काढलेले दिसतात, ते या सरावाचे. – संपादक