जीर्णोद्धार : एका जुन्या मोटारीच्या निमित्ताने

चिखलीहून मेहकरकडे जाताना हिवरा आश्रम लागते. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात येथे प्रचंड पंगत बसते आणि पुरी-भाजी ट्रॅक्टरांतून वाढली जाते, ही गोष्ट आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. उत्सव सरला की ट्रॅक्टर पुन्हा शेताकडे वळतात आणि बिघडले की रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये येतात. अशाच एका शेडमध्ये, दोन ट्रॅक्टर आणि एका उघड्या जीपच्या मधोमध, एका उन्हाळ्यात आमची मर्सिडीज तीन आठवडे उभी होती. बॉनेट उघडे, इंजिनाचे हेड काढून गोणपाटावर ठेवलेले. त्या तीन आठवड्यांत आमच्या मनात जे प्रश्न उभे राहिले, त्यांची ही मांडणी आहे.

मराठीच्या दोन प्राध्यापकांकडे मर्सिडीज कशी, हा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. आम्ही दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून ती तिसऱ्या मालकाकडून घेतली. किंमत नव्या लहान मोटारीपेक्षा कमी पडली. घेतली तेव्हाच तिच्या मीटरवर तीन लाखांहून अधिक किलोमीटर होते. आज चार लाख ओलांडले आहेत. जुनी श्रीमंती स्वस्तात मिळते, पण तिचे पथ्यपाणी मात्र मूळच्या किमतीच्या हिशेबाने करावे लागते, हा धडा आम्ही पहिल्या वर्षातच शिकलो.

या मोटारीचा जन्म महाराष्ट्रातला आहे. टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा संबंध १९५४ पासूनचा. पण तो मालमोटारींचा होता आणि जमशेदपूरचा होता. आर्थिक उदारीकरणानंतर १९९४ मध्ये दोन्ही कंपन्यांनी पुन्हा हातमिळवणी केली आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात ई-क्लास मोटारींची जुळणी सुरू झाली. कंपनीच्या पत्त्यात गावाचे नाव होते चिखली. आमच्या बुलढाण्याची चिखली वेगळी आणि ती चिखली वेगळी; तरीही एका चिखलीत जुळलेली मोटार दुसऱ्या चिखलीच्या लेथवर दुरुस्त व्हावी, याची आम्हांला गंमत वाटते. भारतात जुळलेले हे पहिले मॉडेल, डब्ल्यू १२४, जर्मनीत तेव्हा निरोपाच्या वाटेवर होते. तिकडे निवृत्त होत असलेली मोटार इकडे नवश्रीमंतीचे प्रतीक म्हणून आली. पुढे मालक बदलत गेले, शहरे लहान होत गेली आणि ती आमच्यापर्यंत पोहोचली.

मोटारीचा इतिहास आपल्याकडे खरेदीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या संस्थानिकाने कोणती मोटार मागवली, कोणत्या नटाने कोणती घेतली, याच्या कथा विपुल आहेत. ती मोटार पुढची तीस वर्षे कोणी चालती ठेवली, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक मोटारीचा आणि दुरुस्तीचा इतिहास एकाच प्रवासात सुरू झाला. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये आपल्या वाहनाचे पेटंट घेतले. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनने मोकळी केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याच्या पट्ट्याने आवरण दिले. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तेव्हा एका गावात चर्मकाराकडून त्यांवर चामडे बसवून घेतले. म्हणजे मोटारीचा पहिला दीर्घ प्रवास एका स्त्रीने केला आणि ती मोटार मुक्कामाला पोहोचली ती एका चर्मकाराच्या कारागिरीमुळे. त्याचे नाव मोटारीवर नाही.

महाराष्ट्रात दुरुस्तीची ही विद्या टंचाईने वाढवली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. स्वातंत्र्यानंतर तयार मोटारींच्या आयातीवर बंधने आली आणि नुसते सुटे भाग जोडणाऱ्या परकीय कंपन्यांना १९५० च्या दशकात गाशा गुंडाळावा लागला. परिणाम असा झाला की रस्त्यावर असलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश मोटारी अनाथ झाल्या. त्यांचे भाग मिळेनात. मग भाग घडवावे लागले. लेथवर बुश कातून, एका मोटारीचा पंप दुसरीला जमवून, झिजलेल्या बोअरला स्लीव्ह घालून त्या चालत्या ठेवल्या गेल्या. नवी फियाट घ्यायची तर वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. तेव्हा जुनी टिकवणे हा छंद नव्हता, निरुपाय होता. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी हे त्या निरुपायाचे सर्वांत सुंदर फळ. अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिला निरोप देणारे लेख पुष्कळ आले. तिला वीस वर्षे चालवणाऱ्या हातांवर त्या मानाने थोडे लिहिले गेले.

आता आमच्या मोटारीकडे येतो. तिच्या पाच सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. दोन्ही धातू उष्णतेने प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणात नाही. दोहोंमधला समेट गॅस्केट सांभाळते आणि कूलंट तापमान आटोक्यात ठेवते. रबरी होज जुना झाला होता, ही आमची कसूर. मे महिन्यातल्या दुपारी तो फुटला आणि तापमानाच्या काट्याकडे आमचे लक्ष गेले तोवर उशीर झाला होता. हेड वाकले, गॅस्केट जळले, पाणी ऑइलमध्ये उतरले. ऑइलची कांडी बाहेर काढली तर तिच्यावर दुधाळ साय. मोठ्या शहरातल्या एका वर्कशॉपने फोनवरच निकाल दिला : एवढ्या चाललेल्या गाडीवर एवढा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

शेडमधल्या मिस्त्रींनी तसा निकाल दिला नाही. त्यांनी हेडवर पट्टी आडवी धरली, खालून उजेड कुठे दिसतो ते पाहिले आणि चिखलीच्या लेथवर ते फेसिंगला पाठवले. पण किती घासायचे, याची मर्यादा त्यांनी स्वतः बजावून सांगितली. गॅस्केट मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आले. बोल्ट जुनेच वापरावेत असे आम्ही सुचवले तेव्हा ते हसले. एकदा पूर्ण ताणलेला बोल्ट पुन्हा तसाच धरेल याचा भरवसा नाही, म्हणून बोल्ट नवे. मात्र नोझल तपासून जुनेच ठेवले. आम्ही कारण विचारले. मिस्त्री म्हणाले, “सर, नवं टाकाले काय, कोनीबी टाकते. जुनं कोनतं ठेवाचं, हे ज्याले समजते त्याले मिस्त्री म्हनाव.”

संहितासंपादनावर आम्ही वर्गात अनेक तास घेतले आहेत. या वाक्याइतकी नेमकी व्याख्या आमच्या टिपणांत नव्हती.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ तेव्हा सुमारे तीनशे वर्षांचा होता. नकलाकारांच्या हातून शब्द झिजले होते, परके शब्द शिरले होते. एकनाथांनी काय बदलले आणि काय ठेवले यावर अभ्यासकांचे वाद आजही आहेत. राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी छापली ती एकनाथांच्या आधीची संहिता हाती लागली या श्रद्धेने. दोन्ही भूमिका आदरणीय आहेत. पण त्यांची उद्दिष्टे वेगळी आहेत. एकाला ग्रंथ लोकांच्या मुखी चालता ठेवायचा आहे, दुसऱ्याला त्याचे मूळ रूप पाहायचे आहे. मोटारींच्या जगातही हे दोन पंथ आहेत. संग्राहकाला प्रत्येक खिळा ‘ओरिजनल’ हवा असतो. मिस्त्रीला मोटार उद्या सकाळी सुरू व्हायला हवी असते. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक शाही दसऱ्याच्या दिवशी बाहेर पडते तेव्हा हे दोन पंथ क्षणभर एकत्र येतात : ठेवा म्हणून जपलेली वस्तू त्या दिवशी आपल्या चाकांवर चालते. बाकी वर्षभर ती ज्यांच्या हातांत असते त्यांच्याकडे गर्दीचे लक्ष नसते.

मग इतके बदलल्यावर मूळ मोटार कोणती उरली? हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. मिलिंद राजा रथातून आला असता भिक्खू नागसेन त्याला विचारतो, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? एकेक भाग बाजूला होतो आणि रथ कशातच सापडत नाही. सर्वांच्या जुळणीला रथ हे नाव आहे, एवढेच उरते. औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महाविद्यालयाला मिलिंद आणि त्याच्या परिसराला नागसेनवन हे नाव आहे, त्यामुळे हा संवाद मराठी विद्यार्थ्याला परका नाही. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाची १९७६ ची मर्सिडीज २४० डी सेहेचाळीस लाख किलोमीटर चालून २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. त्याने इंजिने आलटून पालटून बसवली होती. तरीही संग्रहालयाने ती एकच मोटार मानली. नागसेनाचे म्हणणे त्यांना न वाचताच पटले असावे.

येथे आमच्या युक्तिवादाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दुरुस्तीचा गौरव करताना जुगाडाचाही गौरव करण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे, ती आम्हांला मान्य नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि मेहकरजवळून ताशी एकशेवीस किलोमीटरची वेगमर्यादा असलेला रस्ता गेला. १ जुलै २०२३ रोजी याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून पंचवीस माणसे गेली. त्या वर्षी परिवहन खात्याने महामार्गावर वाहनांचे टायर तपासायला सुरुवात केली. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. आमच्या मोटारीच्या टायरची नक्षी शाबूत होती, पण आकडे होते २३११, म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. रबर वापराने झिजते तसे नुसत्या वयानेही कडक होते. मिस्त्रींनी आम्हांला ते आकडे वाचायला लावले आणि चारही टायर बदलल्याशिवाय समृद्धीवर चढू नका, असे बजावले. काय ठेवायचे याच्या ज्ञानाची दुसरी बाजू काय ठेवायचे नाही ही आहे. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग यांत पाठभेदाला जागा नाही.

कायदाही जुन्या मोटारीकडे डोळे वटारून पाहतो. खासगी मोटारीला पंधरा वर्षांनी फेरनोंदणी लागते, पर्यावरण कर लागतो. २०२१ पासून मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरणही आले आहे. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर हा खरा आक्षेप आहे आणि त्याला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. प्रदूषण तपासणीत उत्तीर्ण होणे आणि मोटार कमी चालवणे, एवढेच आम्ही करतो. ती कधीतरी थांबणार आहे, हे आम्हांला समजते.

मोटार थांबेल तेव्हा तिच्याबरोबर काय जाईल, याची मात्र काळजी वाटते. आज नव्या मोटारीचा दोष स्कॅनर सांगतो आणि अनेकदा पुरा संच बदलला जातो. आमच्या मिस्त्रींचा कान नोझलचा आवाज आणि टॅपेटचा आवाज वेगळा ओळखतो. त्यांची भाषा तर आमच्या शब्दकोशांना ठाऊकच नाही. ते इंजिन ‘खोलतात’ आणि ‘बांधतात’. पोथी बांधावी तसे. वायसर, बुश, पाना ही इंग्रजी-मराठीची घडणही त्यांच्याच शेडमध्ये झाली. बोलींचे सर्वेक्षण करताना आपण ओव्या आणि म्हणी गोळा करतो. गॅरेजच्या बोलीकडे आपला मोर्चा वळलेला नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मोटार सुरू झाली. मिस्त्रींनी बिल वहीच्या पानावर लिहून दिले : हेड फेसिंग, गॅस्केट, बोल्ट, होज, मजुरी. आधीच्या मालकांकडून आलेल्या पावत्यांच्या फाइलीत आम्ही ते लावले. पिंपरी, नगर, औरंगाबाद, आणि आता हिवरा आश्रम. फाइल जाड झाली आहे. आमच्या मोटारीचे चरित्र कोणाला लिहायचे असेल तर साधन म्हणून ती पुरेशी आहे. फक्त बहुतेक पावत्यांवर मालकाचे नाव आहे, मिस्त्रींचे नाही. या पावतीवर आम्ही त्यांची सही मागून घेतली. सही कशाला हवी, असे त्यांनी विचारले. हस्तलिखिताच्या शेवटी लेखकू आपले नाव घालतो, हे त्यांना कसे सांगावे ते आम्हांला तेव्हा सुचले नाही. त्यांनी हात पुसले आणि सही केली. कागदावर ऑइलचा एक अंगठाही उमटला आहे.