शेती आणि गोठ्याचा कार्बन हिशोब: कोणतं टूल, कसं वापरायचं?

आळेफाट्याच्या मार्केटला आज कांदा काय भावाने गेला, हे आपण फोनवर बघतो. तसंच आपल्या वावरातून आणि गोठ्यातून किती हरितगृह वायू बाहेर पडतो, हेही फोनवर काढता येतं. हे कशाला हवं? उद्या कोणी ‘कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील, इथे सही करा’ म्हणत दारात आलं, तर त्याने सांगितलेला आकडा तपासता आला पाहिजे.

टूल नेमकं काय करतं?

ते हवा मोजत नाही, गुणाकार करतं. तुम्ही खत, डिझेल, वीज, चारा यांची माहिती भरता. टूल त्याला ठरलेल्या गुणांकाने गुणतं. नायट्रस ऑक्साइडची उष्णता धरण्याची ताकद शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट, तर जनावरांच्या मिथेनची २७ पट धरतात. म्हणून उत्तर ‘कार्बन डायऑक्साइड समतुल्य’ किलोत येतं.

एका पोत्याचा हिशोब

युरियाचं पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. आयपीसीसीच्या २००६ च्या पद्धतीनुसार त्यातलं १ टक्का नत्र नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. हिशोब केला तर ०.३३ किलो वायू, म्हणजे सुमारे ८९ किलो समतुल्य.

आता गंमत बघा. २०१९ च्या सुधारणेत रासायनिक खतासाठी दमट हवामानाला १.६ टक्के आणि कोरड्याला ०.५ टक्के असे वेगळे गुणांक दिले. म्हणजे त्याच पोत्याचे १४२ किलोही होतात आणि ४४ किलोही! त्यामुळे टूलमध्ये हवामान निवडताना घाई करू नका.

गोठ्यात काय?

२००६ च्याच पद्धतीत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईसाठी वर्षाला ५८ किलो मिथेन धरलंय, म्हणजे दीड टनाहून थोडं जास्त समतुल्य. पण ती गाय दिवसाला जेमतेम अडीच लिटर दूध देणारी. तुमची संकरित गाय १५ लिटर देत असेल तर ती खातेही जास्त, त्यामुळे मिथेनही जास्त. मात्र लिटरमागे आकडा कमी येतो. म्हणून ‘गाईमागे’ आणि ‘लिटरमागे’ असे दोन्ही आकडे बघा.

कोणतं टूल कोणासाठी?

- कूल फार्म टूल: पीक आणि दुभती जनावरं दोन्हींसाठी. ब्राउझरमध्ये चालतं, शेतकऱ्यांना मोफत.
- ग्लीम-आय: संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं, फक्त पशुधनासाठी.
- एक्स-ॲक्ट: त्याच संघटनेचं, पण अख्ख्या प्रकल्पासाठी. एका शेतकऱ्याला त्याची गरज नाही.

सुरुवात कशी कराल?

आधी फोनच्या नोट्समध्ये एका हंगामाची नोंद ठेवा: किती पोती, किती शेणखत, किती लिटर डिझेल, मोटारीचे किती युनिट, रोजचं दूध आणि चारा. मग एकाच पिकाचा हिशोब करून बघा. डिझेलला लिटरमागे साधारण २.७ किलो आणि विजेला युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरतात.

लक्षात ठेवा

टूलचा आकडा म्हणजे अंदाज, वजनकाट्याची पावती नव्हे. कोणी क्रेडिटचं बोलायला आलं तर दोनच प्रश्न विचारा: गुणांक कोणता धरला आणि नोंदी कोणाच्या? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.