जंतूची ओळख आणि संशयाचे दिवस

मुंबईचा भाऊचा धक्का आणि उरणचे मोरा बंदर यांच्यामध्ये लाँचने तासाभराचा प्रवास. एवढ्याशा पाण्यावरून सव्वाशे वर्षांपूर्वी माणसे आली, माल आला आणि त्यांच्यामागून प्लेगही आजच्या रायगडच्या, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातले रोगी पाहून डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे सांगितले. त्याचा जंतू यर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४ मध्येच हाँगकाँगला शोधला होता. शत्रू ठाऊक होता; पण समोरच्या तापकऱ्याच्या अंगात तो आहे की नाही, हे चटकन ठरवता येत नव्हते. गाठीतला द्रव काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, जंतू वाढवायचा. त्यात दोन दिवस सहज जात. शिवाय प्रयोगशाळा त्या किती!

ओळख पटेना, तेव्हा सगळेच संशयित ठरले. १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला. प्रवाशांची तपासणी, घरांच्या झडत्या, सक्तीचे विलगीकरण सुरू झाले. पुण्यात यातून उसळलेल्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळ्यांत झाला. त्याच वर्षी १० जानेवारीला हाफकीन यांनी प्लेगची लस मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. पुढे ज्या ठिकाणी ती टोचली गेली, त्यांत उरणचे मोराही होते. लस आली, पण निदानातला उशीर राहिलाच.

तो किती काळ राहिला? १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची वार्ता पसरली, तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले. हा रोग खरोखर प्लेगच का, याचा वाद मात्र त्यानंतरही बराच काळ चालू होता.

आता याच खाडीपलीकडे, पवईच्या आयआयटीत, वेगळी वाट शोधली गेली आहे. प्रा. सौम्य मुखर्जी आणि सहकाऱ्यांनी प्रकाशतंतू इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा वाकवला. तंतूतून जाणारा प्रकाश त्या वळणावर किंचित बाहेर डोकावतो. तिथे विशिष्ट जंतूलाच पकडणारी प्रतिपिंडे बसवायची. जंतू चिकटला की तो थोडा प्रकाश शोषतो आणि दुसऱ्या टोकाला उजेड कमी पोचतो. सांडपाणी मिसळल्याची खूण मानला जाणारा ई. कोलाय जंतू असा ओळखता येतो, हे त्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केले. तंतूवर सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवूनही असे संवेदक बनवतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. एवढ्या मापाच्या सोन्याभोवती जरा काही बदलले, तरी प्रकाशाचे शोषण बदलते.

इथे जंतू वाढण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून दिवसांचे काम घटकाभरात येऊ शकते. अर्थात प्रयोगशाळेतले स्वच्छ पाणी वेगळे आणि गावविहिरीचे गढूळ पाणी वेगळे. जंतू मोजके असले, तर ते निसटतात. मेलेला आणि जिवंत जंतू यांतला फरकही सहज कळत नाही.

तरीही हा प्रयत्न मोलाचा आहे. कोणती विहीर दूषित, कोणाचा ताप साधा, हे लवकर कळले, तर प्राण वाचतातच. शिवाय एका रोग्यापायी साऱ्या गावाला गुन्हेगारासारखे वागवण्याची वेळ येत नाही. १८९७ चा धडा तोच आहे.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)