गुणगुण मारायला आला, गर्जनेत गाजला : हंबकर पिकअपची कथा

भंडारा जिल्ह्यातील सानगडी इतिहासप्रेमींना ठाऊक असते ती तेथील किल्ल्यामुळे. या धाग्याचा विषय मात्र वेगळा आहे.

झाडीपट्टीच्या या मुलुखात दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की रात्र रात्र नाटके रंगतात. अशा रंगमंचावर, दिव्यांच्या तारांच्या जंजाळात, कोणी एकेरी कॉइलची इलेक्ट्रिक गिटार जोडून डिस्टॉर्शन चढवले, तर पहिला स्वर छेडण्याआधीच एक जड गुणगुण घुमू लागेल. गिटार बिघडलेली नसते. तिच्या पिकअपला वीजतारांची चाहूल लागलेली असते.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि कॉइलमध्ये वीज उमटते. पण ५० हर्ट्झच्या घरगुती विजेचे क्षेत्रही त्याच कॉइलला हलवते. डिस्टॉर्शन क्षीण आवाजही उचलून धरते. मग गुणगुणीचा कल्लोळ होतो.

यावर उपाय शोधला तो अमेरिकेतील कॅलामझू येथे, गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी. त्यांनी दोन कॉइल शेजारी बसवल्या. एकीची वीज दुसरीच्या उलट दिशेने आणि चुंबकीय ध्रुवही उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत परस्परविरुद्ध येऊन नाहीशी होते. तारेचा स्वर मात्र दोनदा उलटल्याने बेरजेत येतो. पेटंटचा अर्ज १९५५ सालचा, मंजुरी १९५९ ची. मधल्या काळातील पिकअपवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी असे. आज संग्राहक त्या चिठ्ठीचीच किंमत मोजतात!

लव्हर यांना हवी होती शांतता. हाती आला तो अधिक जोरकस, अधिक जाड आवाज. ॲम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह त्याने लवकर फाटू लागले आणि रॉकवाल्यांना नेमके तेच हवे होते.

एक गैरसमज मात्र दूर व्हावा. हेवी मेटलचा उगम हंबकरात नाही. ब्लॅक सॅबथच्या १९७० च्या पहिल्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात टोनी आयोमी यांच्या स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप निकामी झाला, म्हणून त्यांनी राखीव गिब्सन एसजी उचलली. तिच्यावर होते पी-९०, म्हणजे एकेरी कॉइलचेच पिकअप.

त्या काळच्या ॲम्प्लिफायरांत डिस्टॉर्शन मुबलक नव्हते. ते गिटारकडूनच ढकलून काढावे लागे. लॅरी डिमार्झिओ यांचा सत्तरच्या दशकाच्या आरंभीचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ या गरजेतून आला. त्यात सिरॅमिक चुंबक आणि जास्त वेढे होते. ईएमजी कंपनीच्या ‘८१’ ने उलटी वाट धरली : कॉइल सौम्य ठेवून पिकअपच्याच पोटात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर. मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्ड यांनी तो घराघरांत पोहोचवला.

आज परिस्थिती पालटली आहे. डिस्टॉर्शन ॲम्प्लिफायरातच हवे तितके मिळते. तरीही दुकानात ‘सगळ्यात जोरदार’ पिकअप मागण्याची खोड सुटलेली नाही. वेढे वाढले की तीव्र स्वर बोथट होतात, आणि तारा खाली उतरवून लावलेल्या असतील तर कॉर्डचा चिखल होतो. ब्रिजजवळचा, मध्यम ताकदीचा, खर्ज आवरून धरणारा हंबकर अशा वेळी अधिक भेदक वाजतो.

आणि मंडईच्या रंगमंचावर? हंबकर चुंबकीय गुणगुण गिळतो. सदोष अर्थिंग आणि डिमरची करकर त्याच्या आवाक्याबाहेरची. तिथे आधी वायरमनला गाठावे.